उल्हास नदीच्या मुखाशी

बेटावर जाऊन राहायचं म्हटलं की डोंबिवलीत पहिला विषय निघतो अंदमानचा. सेल्युलर जेलला एकदा तरी जावं अशी प्रत्येक मराठी घरात इच्छा असते आणि ती योग्यच आहे. पण ठाणे जिल्ह्याला स्वतःचं एक बेट आहे, त्याच्या किनाऱ्याला माडांखाली चार-सहा खोल्यांची साधी लॉज आहेत, आणि सकाळी डोंबिवलीहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे पोचतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. दिवाळीचा फराळ संपला तसे आम्ही दोघं तिकडे गेलो आणि नाताळच्या चांदण्या घराघरांवर लागू लागल्या तेव्हा परतलो.

या बेटाचं नाव धारावी. शीव-माहीमजवळची धारावी ती वेगळी. ही धारावी भाईंदरच्या पश्चिमेला आहे. एका अंगाला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला आणि पूर्वेला मनोरीची खाडी. या दोन खाड्यांच्या मध्ये मिठागरं, खारफुटी आणि दलदल, आणि त्यातून भाईंदरहून येणारा रस्ता. बेटाचा उत्तरेकडचा भाग म्हणजे उत्तन, डोंगरी, पाली, चौक, तारोडी ही गावं. ती मीरा-भाईंदर महापालिकेत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात येतात. दक्षिणेकडची गोराई, कुळवेम आणि मनोरी मुंबई महापालिकेची. चालताना ही सीमा कुठे ओलांडली ते कळतही नाही, कारण माड तेच, मासळी तीच आणि लोकांची बोलीही तीच.

डोंबिवलीहून जायला तीन वाटा आहेत. एक, दादरला गाडी बदलून मालाड आणि तिथून मार्व्याच्या धक्क्यावरून होडीने मनोरी. दुसरी, बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराई. तिसरी, लोकलने ठाणे, मग घोडबंदर रोडने भाईंदर आणि भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस. वेळ जास्त गेला तरी चालेल, पण पहिल्यांदा जाणाऱ्या कल्याण-डोंबिवलीकराने तिसऱ्या वाटेनेच जावं असं माझं मत आहे. त्याचं कारण आपली नदी.

राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते. काळू आणि भातसा यांचं पाणी घेऊन ती डोंबिवलीच्या मोठागावाशी खाडी होते. ठाण्यापाशी तिचे दोन रस्ते होतात. एक वाट दक्षिणेला ठाण्याच्या खाडीकडे जाते आणि मुख्य प्रवाह पश्चिमेला घोडबंदरवरून वसईकडे. या दोन वाटांमुळेच साष्टी हे बेट झालं आहे. ठाणे शहर आणि मुंबईची उपनगरं त्या बेटावर आहेत, आणि आपण कल्याण-डोंबिवलीचे लोक मुख्य भूमीवर. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला थांबली ती साष्टीच्या काठावर. खाडीवर पूल झाले आणि 1 मे 1854 ला रेल्वे कल्याणला पोचली. रोज कामाला जाणारा डोंबिवलीकर या पाण्यावरून सकाळी बेटावर जातो आणि संध्याकाळी परत येतो, फक्त गर्दीत त्याला खिडकी मिळत नाही.

घोडबंदर रोडवर गायमुखला बसच्या उजव्या हाताला ही खाडी दिसू लागते. तिचं रुंद, मातकट पाणी संथ वाटतं. भाईंदरला पोचलो की ती रेल्वेच्या पुलाखालून जाते, मध्ये पाणजू बेटाला वळसा घालते आणि समुद्राकडे निघते. उत्तनची बस मुर्धा, राई, मोरवा या गावांतून, मिठागरांच्या कडेने जाते. शेवटी डोंगरीचा चढ येतो आणि तो ओलांडला की समुद्र दिसतो. नदी आणि आपण एकाच ठिकाणी पोचलेले असतो.

आमचं लॉज उत्तन आणि गोराई यांच्या दरम्यान होतं. ते एका ईस्ट इंडियन कुटुंबाचं. पुढे जुनं कौलारू घर, मागे वाडी आणि वाडीत बांधलेल्या काही खोल्या. पलंग, टेबल, पंखा, मच्छरदाणी आणि दाराशी एक बाकडं. वातानुकूलन नाही आणि त्या दिवसांत लागतही नाही. सुरूच्या झाडांतून शंभरेक पावलं गेलं की वाळू. शनिवार-रविवारी इथे मुंबईची तरुण मुलं येतात, गाणी लावतात आणि सोमवारी सकाळी निघून जातात. मधल्या दिवसांत मात्र लॉजवर आम्ही आणि घरचे लोक एवढेच. जास्त दिवस राहण्याचा खरा लाभ या मधल्या वारांत आहे. एका रात्रीसाठी आलेल्याला समुद्र दिसतो. गाव दिसायला सोमवार उजाडावा लागतो.

घरच्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, पोहायला जायचं नाही. त्यांचं म्हणणं अक्षरशः पाळण्यासारखं आहे. हा किनारा दिसायला सौम्य आहे, पण वाळूखाली चिखल आहे, जागोजागी काळे खडक आहेत आणि ओहोटीला ओढ फार. गोराईच्या किनाऱ्यावर माणसं बुडाल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. चालायला मात्र ही वाळू उत्तम आहे. ओहोटीला ती दूरवर उघडी पडते आणि ओलसर असल्याने पाय रुतत नाहीत.

चालायला जायचं तर ओहोटी कधी हे कळायला हवं, आणि त्यासाठी किनाऱ्यावर मोबाइल बघत नाहीत. तिथी मोजतात. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. येणारा आकडा ही पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण होणार आणि दुपारी बाराला पूर्ण ओहोटी असणार. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बारा. शुद्ध पक्षाला आणि वद्य पक्षाला हिशोब एकच. थोडाफार फरक पडतो, पण फिरायला निघणाऱ्याला एवढं पुरतं. पाणी रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकतं, म्हणून हे गणित जमतं. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या हेच वापरात आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचं अंतर पडतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला जोर नसतो.

उधाण आणि भांग यांवर या बेटाची चूल चालते, कारण इथली मासेमारी मुख्यतः डोलीची. डोल म्हणजे तोंडाशी प्रचंड रुंद आणि शेवटाकडे अरुंद होत गेलेलं पिशवीसारखं जाळं. ते ओढत नाहीत. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना ते दोरांनी बांधतात आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी आत आणून सोडतो. पाणी पालटायच्या आधी, प्रवाह मंदावलेला असताना, जाळं वर घ्यायचं. म्हणजे प्रवाह जोराचा तर मासळी भरपूर. भांगाला जाळ्यात फारसं काही येत नाही. जेवणात बोंबील मिळतील का असं मी एकदा विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘‘आज भांग आहे. बोंबलाची आशा धरू नका, वांग्यात सुकट घालते.’’ ती सुकट आणि तांदळाची भाकरी आम्ही मागून मागून खाल्ली.

उत्तनला पातान बंदर, भाटे बंदर, नवी खाडी अशी बंदरं आहेत. पाली आणि चौकलाही बोटी लागतात. पहाटे तिकडे गेलं की डोलीतून काय काय निघतं ते नीट दिसतं. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, वाकट्या. होडीतून टोपल्या उतरतात आणि बायका तिथेच बसून माल निवडतात. ताजी मासळी बर्फात जाते. उरलेली सुकवायला.

सुकवण्याची जागा म्हणजे वलांडी. बांबूचे खांब उभे करून त्यांच्यावर आडव्या दोऱ्या ताणलेल्या असतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. बोंबलाचे दात आकड्यासारखे आत वळलेले असतात, त्यामुळे जोडी वाऱ्याने सुटत नाही. गाठ नाही, सुई नाही. हे काम इतक्या वेगाने चालतं की बघणाऱ्याचे डोळे मागे पडतात. ताज्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून तो हातात धरला तरी निसटतो. तीन-चार दिवस ऊन आणि वारा मिळाला की तो कडक होतो. समुद्रकाठी अशा वलांड्यांच्या रांगा लागलेल्या असतात आणि त्यांचा वास लांबवर येतो. ज्यांना हा वास सोसत नाही त्यांनी इथे राहायला येऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. गाव आधी मासेमारांचं आहे, पर्यटकांचं नंतर.

सुकवण्याचा हंगाम दसरा-दिवाळीनंतर जोर धरतो, कारण आकाश तेव्हा कोरडं असावं ही अपेक्षा. ती अपेक्षा हल्ली मोडते. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळाचा पाऊस आला तेव्हा किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी भिजली. भिजलेला अर्धा सुका बोंबील कुणी घेत नाही, तो टाकावा लागतो. त्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. पावसाळ्यातली भाजी-आमटी चालायची ती याच सुक्या मासळीवर, आणि बंदीच्या काळात हातात पैसा येतो तोही तिच्या विक्रीतून. म्हणून हिवाळ्यातल्या एका अवेळी पावसाची झळ पुढच्या आषाढापर्यंत पोचते.

इथल्या लोकांविषयी थोडं. बेटावर ख्रिस्ती कोळी आहेत, शेती-बागायत करणारे ईस्ट इंडियन आहेत, आगरी आहेत. पहिल्या दोघांचे पूर्वज पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाले. घरात बोलतात ती मराठीच. तिला पोर्तुगीज शब्दांची किनार आहे, पण डोंबिवलीच्या माणसाला ती दोन दिवसांत कानात बसते. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव या समाजाने 1887 मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी घेतलं. गोवा आणि मंगळूरहून मुंबईत नोकऱ्यांसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण इथलेच मूळ रहिवासी आहोत, हे कंपनी सरकारच्या वारसांना सांगायचं होतं. नाव इंग्रजी असलं तरी लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायचं, पावसाळा सरता नव्या भाताच्या लोंब्या देवळात अर्पून आगेरा साजरा करायचा, या रीती शेजारच्या हिंदू घरांशी नातं सांगतात. म्हाताऱ्या बायका अजूनही रविवारी लुगडं नेसून चर्चला निघतात. उत्तनच्या चर्चमध्ये मराठीतून मिस्सा होते. मी एका रविवारी मागच्या बाकावर बसून ती ऐकली. मराठी प्रार्थना एवढी माणसं एका सुरात म्हणताना मी याआधी फक्त वारीतच ऐकलं होतं.

गोराईचं चर्च तीन राजांच्या नावाचं आहे. बेथलेहेमला बाळ येशूच्या भेटीला आलेले ते पूर्वेचे तीन ज्ञानी पुरुष. त्यांचा सण 6 जानेवारीला असतो. नाताळ हुकला तर निदान तेव्हा जावं. गोराईच्याच दक्षिण टोकाला विपश्यनेचा जागतिक पॅगोडा आहे. सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेने तो उभा राहिला आणि फेब्रुवारी 2009 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आतल्या घुमटाला एकही खांब नाही आणि खाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. उत्तनला केशवसृष्टीच्या आवारात रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. 1977 आणि 1980 मध्ये ठाण्याचे खासदार म्हणून निवडून आलेल्या रामभाऊंच्या नावाची ही संस्था लोकप्रतिनिधींना आणि कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देते.

लॉजवरच्या जेवणाचा आत्मा म्हणजे बॉटल मसाला. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या, हळद, धणे, तीळ, खसखस असे वीस-पंचवीस जिन्नस वाळवून, भाजून, कुटून तो करतात आणि बिअरच्या गडद काचेच्या बाटल्यांत काठीने ठासून भरतात. गडद काचेमुळे उजेड लागत नाही आणि मसाल्याचा रंग-वास वर्षभर टिकतो. कुटणाऱ्या बाया पूर्वी गावोगाव फिरायच्या. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते सहसा बाहेर सांगत नाहीत. मावशींनीही मला जिन्नस सांगितले, प्रमाण सांगितलं नाही.

मुक्कामातला एक दिवस चौकसाठी ठेवावाच. बेटाच्या उत्तर टोकाला धारावीच्या किल्ल्याची जागा आहे. बांधकाम फारसं उरलेलं नाही, पण जागा पाहिली की किल्ला इथेच का हे समजतं. समोर उल्हास समुद्राला मिळते आणि पलीकडच्या तीरावर वसईचा कोट दिसतो. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. कोटाच्या उभारणीसाठी धारावी बेटावरच्या खाणींतून दगड गेला. 1737 मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांनी घेतलं, पण खाडीच्या तोंडावरची धारावी हातात असल्याशिवाय वसईची समुद्रातून येणारी कुमक तोडता येत नव्हती. या जागेसाठी लढाया झाल्या, ती हातची गेली, पुन्हा घेतली आणि मग मे 1739 मध्ये वसई शरण आली. चिमाजी आप्पांचं स्मारक आता इथे आहे. वसई पाहायला आपले लोक आवर्जून जातात. धारावीला मात्र फारसं कुणी येत नाही, आणि हे मला पटत नाही. वसईचा विजय नीट समजायचा असेल तर तो या काठावरून पाहायला हवा.

तिथे उभं राहिलं की मन कल्याणला जातं. प्राचीन काळी ग्रीक खलाशांच्या नोंदीत ‘कल्लिएना’ म्हणून आलेलं, कान्हेरीच्या लेण्यांना ज्याच्या व्यापाऱ्यांनी दानं दिली, ते कल्याण याच पाण्याने समुद्राशी जोडलेलं होतं. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत मराठ्यांची गलबतं बांधायला सुरुवात झाली. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली बांधलेल्या त्या गलबतांना खुल्या समुद्रात पोचायला वसईची खाडी किंवा ठाण्याची खाडी, असे दोनच मार्ग होते, आणि दोन्हींवर पोर्तुगीजांची ठाणी बसलेली. दुर्गाडीच्या पायथ्याशी आपण कितीदा उभे राहिलेलो असतो. पण त्या जहाजांपुढची अडचण काय होती, हे या टोकावर आल्यावर डोळ्यांना दिसतं.

आता जे सांगायचं ते आनंदाचं नाही. डोलीत प्रवाहाबरोबर येणारं सगळंच अडकतं. पहाटे बंदरावर टोपल्या निवडताना बायका आधी प्लॅस्टिक वेगळं करतात: पिशव्या, वेफर्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्यांचे तुकडे, चपला. मासळीशेजारी कचऱ्याचा वेगळा ढीग होतो आणि काही दिवशी तो मासळीएवढा असतो. जाळं कचऱ्याने जड झालं की फाटतं आणि फाटलेलं जाळं शिवण्यात पुढचं उधाण निघून जातं. हा सगळा कचरा काही बेटावरच्या लोकांचा नाही. बदलापूर, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, ठाणे या सगळ्या शहरांचे नाले ज्या पाण्याला मिळतात, त्याचा शेवट इथे आहे. त्यात मीरा-भाईंदर शहराचा कचरा उत्तनच्याच धावगी डोंगरावर येऊन पडतो. त्याला आगी लागतात, धूर गावात उतरतो आणि ग्रामस्थ अनेक वर्षं याविरुद्ध दाद मागत आहेत. उत्तन ते विरार असा सागरी सेतू आखलेला आहे आणि मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. डोलीचे खुंट ज्या जागी पिढ्यान्‌पिढ्या रोवले जातात, त्या जागा गेल्या तर दुसरीकडे प्रवाह तसाच मिळेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. सोमवार ते गुरुवार राहा. खोली स्वस्त मिळते आणि गाव गावासारखं भेटतं. संध्याकाळी डास असतात, मलम न्या. भाईंदरची शेवटची बस चुकवू नका. मार्व्याची होडी गाठायची असेल तर तिची शेवटची फेरीही आधी विचारून ठेवा. वसईहून यायचं तर फेब्रुवारी 2024 पासून वसई ते भाईंदर रो-रो बोट आहे. गाडीसकट खाडी ओलांडता येते आणि नदीचं मुख पाण्यावरून पाहता येतं. वलांड्यांचे फोटो काढण्याआधी तिथल्या बायकांना विचारा. सुके बोंबील आणि जवळा त्यांच्याकडूनच घ्या, घासाघीस न करता.

आणि कल्याण-डोंबिवलीच्या वाचकांना एक विनंती. गणपतीचं, सत्यनारायणाचं निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून खाडीत टाकू नका. पालिकेच्या कलशात टाका. खाडीत गेलेली पिशवी डोलीपर्यंत पोचते.